पुतळ्याची करंगळी

गावात कुणालाही विचारा, तो सांगेल की चौकातल्या पुतळ्याची करंगळी चुकली आहे. ती कुणी चुकवली हेही सांगेल, आणि ते न विचारता. कारण चुकवणारा माणूस पुतळ्याच्या बरोबर समोर दुकान थाटून बसलेला. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून मागच्या गल्लीत गेला असता. पण केस कापायचं दुकान म्हणजे काय भाजीची पाटी आहे, उचलली आणि पुढच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवली? भिंतीला आरसे ठोकलेले, खुर्च्या फरशीत रोवलेल्या, गिऱ्हाइकं वडिलांच्या वेळची. दादा तिथेच राहिले आणि आयुष्यभर त्या करंगळीकडे पाठ करून लोकांच्या दाढ्या करत राहिले. पाठ करून म्हणायचं आपलं. समोर आरसा होता, आणि आरशात अख्खा चौक.

दादा हे काही त्यांचं नाव नव्हे. धाकटा भाऊ दुकानात 'दादा, गरम पाणी', 'दादा, कात्री कुठंय' अशा हाका मारायचा, त्या गिऱ्हाइकांनी उचलल्या. पुढे लग्न झालं आणि बायको आपोआप साऱ्या गावाची वहिनी झाली. सख्खा दीर एकच, पण वहिनी म्हणणारे गावभर. त्या म्हणायच्या, 'मला बाजारात कुणी नावाने हाक मारली तर मी मागे वळूनसुद्धा बघायची नाही. वाटेल, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत.'

पुतळा ब्राँझचा, पुरुषभर उंचीचा, आणि चौथरा जेमतेम गुडघ्याएवढा. युद्धात गेलेल्या गावच्या मुलांचं स्मारक ते. मागे काळ्या दगडाची भिंत, तिच्यावर सगळ्यांची नावं, आणि भिंतीपुढे हा जवान मान खाली घालून उभा. बंदूक उलटी, नळी बुटांशी, दस्त्यावर दोन्ही हात. गेलेल्या सोबत्यांना मान द्यायचा तर बंदूक अशी उलटी धरतात. डोक्यावरच्या लोखंडी टोपाची सावली अर्ध्या तोंडावर, त्यामुळे चेहरा म्हणाल तर कुणाचाही आणि म्हणाल तर कुणाचाच नाही. सगळं कसं जिथल्या तिथे. फक्त उजव्या हाताची करंगळी मिटलेली नाही. ती वर उचललेली, जराशी बाहेर वळलेली, बड्या घरी पहिल्यांदाच चहाला गेलेल्या माणसासारखी. टवाळ लोक म्हणत, हा शत्रूला चहालाच बोलावतोय.

गावाच्या मते कारण सरळ होतं. शिल्पकाराने पुतळ्यासाठी समोर उभं केलं होतं दादांना, आणि दादांच्या हाताला वस्तऱ्याची सवय. जुना उघडा वस्तरा धरताना करंगळी त्याच्या मागच्या शेपटीवर टेकवावी लागते, म्हणून ती वर राहते. 'जवानाला न्हाव्याचं बोट!' म्हणून गाव हसलं, आणि एकदा हसून थांबेल ते गाव कसलं. दादाही हसायचे. 'हाताची खोड, साहेब, काय करणार,' म्हणायचे आणि पुढच्याच्या गालाला फेस लावायला घ्यायचे.

खरी गोष्ट निराळी होती. ती दादांना माहीत होती, वहिनींना माहीत होती. तिसऱ्या कानाला नव्हती.

दादांच्या वडिलांनी दोघा मुलांना एकाच खुर्चीमागे उभं करून काम शिकवलं. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. फुगा फुटला की पाठीत धपाटा. आणि करंगळी खाली आली तर फुगा फुटायच्या आधीच धपाटा. 'करंगळी पडली की गिऱ्हाइकाचा कान पडला,' हे वडिलांचं पालुपद. दादा शहाण्या मुलासारखे शिकले. वस्तरा हातात आहे तोवर करंगळी वर, वस्तरा ठेवला की खाली. धाकट्याचं भलतंच झालं. त्याची एकदा वर गेली ती गेलीच. कप धरला, वर. पेन्सिल धरली, वर. सायकलचा ब्रेक दाबला तरी बाकीची बोटं कामाला आणि ही बाईसाहेब हवा खातेय. आई वैतागायची, 'अरे मेल्या, जेवताना तरी मीट ती!' वडील म्हणायचे, 'जित्याची खोड, मेल्याशिवाय जायची नाही.' बोलून गेले बिचारे. बोलताना माणूस पुढचं कुठे बघतो?

धाकटा घरात न सांगता सैन्यभरतीला गेला आणि पास होऊन आला. आई रडली, आणि दादांनी त्याचे केस स्वतः बारीक कापले. सुट्टीवर आला तेव्हा दुकानातच बाकावर बसून किस्से सांगायचा. कवायतीच्या उस्तादांनी म्हणे त्याच्या करंगळीवर छडी मारून बघितली, ओरडून बघितलं, दोऱ्याने बांधूनसुद्धा बघितली. शेवटी ते हात जोडून म्हणाले, 'तुझी गोळी निशाणावर लागते ना, मग राहू दे. फक्त त्या बोटाचा वेगळा पगार मागू नकोस.' दुकानातली गिऱ्हाइकं इतकी हसली की दादांना दाढ्या थांबवाव्या लागल्या. हलत्या गालावर वस्तरा कोण चालवणार?

मग युद्ध झालं, आणि धाकटा परत आला नाही. देहही आला नाही. आली ती नुसती बातमी. आईने त्याचा कप फडताळात मागे ढकलून ठेवला आणि पुढे कधी बाहेर काढला नाही. वडील वर्षभरात गेले. दुकान दादांवर आलं, आणि दुकानातली दुसरी खुर्ची रिकामी राहिली.

काही काळाने गावाने स्मारक करायचं ठरवलं. शिल्पकार बाहेरगावचा. तो दादांकडे दाढीला आला आणि आरशात दादांच्याच खांद्यांकडे टक लावून बसला. म्हणाला, 'तुम्ही दिवसभर असेच उभे असता? मग माझ्यासमोर उभं राहायला काय हरकत आहे?' त्याने घरोघर जाऊन गेलेल्या मुलांचे फोटो आणले होते आणि पालिकेच्या गोदामात, मोडक्या खुर्च्या आणि पाण्याच्या पाइपांच्या गर्दीत, ते सगळे एका फळीवर लावले होते. म्हणाला, चेहरा कुणा एकाचा करायचा नाही, सगळ्यांचा मिळून करायचा. दादा रोज दुपारी दुकान बंद ठेवून बंदुकीऐवजी एक लाकडी दांडा धरून उभे राहू लागले. समोर फळीवर धाकटाही होता, पासपोर्ट साइजचा फोटो, हात न दिसणारा.

हात घडवायचा दिवस आला. दादांच्या हातात वस्तरा नव्हता, साधा दांडा होता. करंगळी मुकाट मिटायला हवी होती. मिटलीही होती. मग दादांनी ती उचलली.

हो, मुद्दाम. शिल्पकार म्हणाला, 'मिटा.' त्यांनी मिटली. तो मातीकडे वळला की पुन्हा वर. पुन्हा 'मिटा', पुन्हा वर. चिडला असता तरी चाललं असतं, पण तो चिडला नाही. त्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'राहू द्या. बरं दिसतंय.' आणि माती वळायला लागला.

अशा रीतीने साऱ्या गावाच्या पुतळ्यात दादांनी आपला भाऊ गुपचूप आत घेतला होता, करंगळीएवढा. ते रात्री वहिनींना सांगितलं, आणि दोघं मूग गिळून बसली. सांगायची सोयच नव्हती. पुतळा सगळ्यांच्या मुलांचा. 'हा माझा भाऊ' असं एकदा तोंडातून गेलं की बाकीच्यांची मुलं तिथून उठली म्हणून समजा. त्यापेक्षा न्हाव्याची खोड म्हणून गाव हसलं तर हसू दे की! हसण्याने दादांचं काही जात नव्हतं. आरशात मान वर केली की भाऊ समोर उभा आहे, यातच त्यांना सगळं मिळत होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कॅप्टनसाहेबांच्या डोक्यात आलं, करंगळी दुरुस्त करायची.

कॅप्टनसाहेब म्हणजे सैन्यातून निवृत्त होऊन गावी राहायला आलेले, माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि दादांचं रोजचं सकाळचं पहिलं गिऱ्हाईक. आवाज असा की नुसतं 'पाणी कोमट आहे' म्हणाले तरी शेजारचा दुकानदार सावधानमध्ये उभा राहील. माणूस मात्र सोन्यासारखा. स्मारकाची भिंत खचायला लागली होती, ती नव्याने बांधून घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, आणि काम झाल्यावर मुख्यालयातून मोठे अधिकारी यायचे होते.

'दादा,' ते म्हणाले, 'भिंतीबरोबर ती करंगळीही काढतोय. ओताऱ्याशी बोललोय. जुनी कापायची, मिटलेली नवी जोडायची. जोड दिसणारसुद्धा नाही.'

गळ्यावर वस्तरा असताना माणसाने असं बोलू नये. दादांचा हात जिथे होता तिथेच राहिला.

'अहो, काय झालं?'

'काही नाही साहेब. हनुवटी वर घ्या.'

'तुम्हाला राग नाही ना आला? हे बघा, मी पोरांना बंदूक धरायला शिकवण्यात जन्म घालवला. त्यातली किती पोरं परत आली नाहीत, ती मला झोपेत दिसतात. त्यांच्या स्मारकावर बंदूक कशी धरू नये ते दाखवलंय! बाहेरचे अधिकारी येऊन हसले तर ते तुम्हाला नाही हसणार, त्या पोरांना हसतील. ते माझ्याच्याने बघवणार नाही.' मग आवाज खाली आणून म्हणाले, 'आणि तुमच्यामागचं हसूही संपेल एकदाचं.'

त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं. भल्या माणसाशी काय भांडणार? 'बरोबर आहे साहेब,' दादा म्हणाले आणि तुरटी फिरवली.

दुकानामागच्या खोलीत वहिनींनी भिंतीआडून सगळं ऐकलं होतं. दादा दुपारी जेवायला आत आले तेव्हा ताट वाढलेलं होतं आणि वाढणारी भडकलेली होती.

'बरोबर आहे साहेब! काय बरोबर आहे? भावोजींचं बोट कापतायत आणि तुम्ही त्यांना तुरटी लावताय?'

'मग काय वस्तरा लावू?'

'थट्टा नको. सरळ सांगून टाका. म्हणावं, ही माझी खोड नाही. माझा भाऊ बंदूक अशीच धरायचा. खरा जवान होता, खऱ्या लढाईत गेला. कॅप्टनसाहेब एका शब्दाने थांबतील.'

'थांबतील. आणि उद्यापासून तो पुतळा आपल्या घरचा होईल. बाकीच्यांनी कुठे जायचं?'

'आणि कापल्यावर आपण कुठे जायचं?'

दादा ताटातला भात चिवडत राहिले. वहिनी म्हणाल्या, मग मीच सांगते. दादांनी शपथ घातली. वहिनींनी शपथ पाळली, पण संध्याकाळी भांडी अशी घासली की शेजाऱ्यांना वाटलं स्मारकाचं काम सुरू झालं. दादा जेवायला बसत ते नुसते बसत. इतकी वर्षं ज्याच्याकडे बघत दिवस काढले, त्याला आता आरशात बघवेना. एक दिवस त्यांनी आरशावर पंचा टाकला, तर गिऱ्हाईक म्हणालं, 'दादा, माझी मिशी मला बघू द्याल की नाही?' पंचा काढावा लागला.

ठरल्या दिवशी सकाळी ओतारी आला. गॅसची टाकी, करवत, आणि फडक्यात गुंडाळलेली नवी करंगळी, छान मिटलेली. कॅप्टनसाहेब कडक इस्त्रीचा कोट घालून आधीच हजर. दादा दुकानात चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा पाजळत होते. गिऱ्हाईक नव्हतं, तरी पाजळत होते.

ओताऱ्याने करवत उचलली, आणि चौकाच्या पलीकडून आवाज आला, 'खबरदार!'

बटणवाल्या आजी येत होत्या. बटणं, दोरे, सुया यांचं त्यांचं टिचभर दुकान. त्यांचा एकुलता एक मुलगा भिंतीवर होता. संध्याकाळी दुकान बंद करून घरी जाताना त्या चौथऱ्याशी घटकाभर थांबायच्या आणि पुतळ्याच्या हाताचा आधार घ्यायच्या. लोकांना वाटायचं, म्हातारी दमते. आज त्या दमलेल्या मुळीच दिसत नव्हत्या. त्यांनी ओताऱ्याला बाजूला सारलं आणि पुतळ्याची करंगळी मुठीत धरली.

'माझ्या पोराच्या बोटाला हात लावशील तर याद राख.'

'आजी,' कॅप्टनसाहेब म्हणाले, 'तुमच्या मुलाचं कुठलं? हे तर आपल्या सलूनवाल्या दादांचं...'

'दादाचं काय म्हणून? मी आई आहे का तू? लहानपणी दारात चेमटली होती त्याची करंगळी. मिटायचीच नाही धड. शिल्पकार फोटो घेऊन गेला, तेव्हाच मी ओळखलं की हा माझ्या पोराला बरोबर घडवणार. चेहरा टोपाखाली झाकला त्याने, पण बोट ठेवलंन्.'

हे ऐकून कोपऱ्यावरचा पाववाला पिठाचे हात झटकत पुढे आला. तो तसा मवाळ माणूस, पण आज त्याचेही कान लाल. 'आजी, माफ करा, तुमचा गैरसमज होतोय. बोट माझ्या थोरल्या भावाचं आहे. भट्टीच्या दाराला भाजलं होतं, तेव्हापासून ते असंच राहिलं. माझी आई जायच्या आधी मला सांगून गेली, तुझ्या भावाच्या बोटाला रोज एकदा तरी हात लावत जा. मी पहाटे पाव घेऊन निघतो ना, तेव्हा लावतो.'

'तू लावतोस? तरीच म्हटलं, सकाळी पीठ कुठून येतं याला! रोज पुसते मी ते!'

'मी प्रेमाने लावतो हो!'

'प्रेमाने लाव, पण हात धुऊन लाव! आणि तुझ्या भावाला लाव, माझ्या पोराला कशाला?'

तुंबळ जुंपली. माणसं जमली. आणि गंमत म्हणजे आज कुणी हसत नव्हतं. ओतारी चौथऱ्यावर बसून म्हणाला, 'माझं काय ते सांगा. मला दुसरीकडे एक घंटा बसवायचीय.'

'बस्स!' कॅप्टनसाहेब गरजले. 'जो उभा राहिला होता, त्यालाच विचारू. दादा! बाहेर या.'

दादा बाहेर आले. वहिनी त्यांच्यामागे दारात येऊन उभ्या राहिल्या. मघापासूनचा शब्दन् शब्द दोघांनी ऐकला होता. इतकी वर्षं दादांना वाटत होतं, या पुतळ्यात आपण आपलं एक माणूस चोरून ठेवलंय. आणि इथे ज्याच्या त्याच्या घरचं माणूस त्याच बोटाला धरून उभं होतं.

'दादा, मी तुम्हाला सरळ विचारतो,' कॅप्टनसाहेब म्हणाले. 'हे बोट म्हणजे तुमच्या हाताची सवय, बरोबर? तसं असेल तर मी आत्ता कापायला सांगतो. तसं नसेल, जवानाचं असेल, तर कुणाचं ते सांगा.'

सांगायला काय, एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य ओठावर आलं. दादांनी आजींच्या मुठीकडे बघितलं, पाववाल्याच्या पिठाच्या हातांकडे बघितलं. वहिनी मागून त्यांच्याकडे बघत होत्या, ते त्यांना न वळताही कळत होतं.

'सवय नाही, साहेब,' दादा म्हणाले.

'मग?'

'मी बोट मिटूनच उभा होतो. शिल्पकाराने वर करायला लावलं. समोर फोटो होते सगळ्यांचे. त्यातल्या एकाचं बोट असंच आहे म्हणाला, ते मला हवं म्हणाला.'

'कुणाच्या फोटोत?'

'ते नाही सांगितलं त्याने. मीही नाही विचारलं.'

आजींनी पाववाल्याकडे असं बघितलं, जणू निकाल त्यांच्याच बाजूने लागला होता. पाववाल्यानेही मान तशीच ताठ ठेवली. कॅप्टनसाहेब मात्र दादांच्याकडे बघत राहिले. दादांच्या हातात अजून वस्तरा होता, आणि त्या हाताची करंगळी कुठे होती ते कुणालाही दिसलं असतं.

'आणि तुमचा भाऊ?' त्यांनी हळूच विचारलं. 'तोही न्हाव्याचाच मुलगा. त्याचं तर नव्हे?'

दादांनी वस्तरा मिटला.

'नाही साहेब. त्याचं बोट नीट मिटायचं. वस्तरा ठेवला की करंगळी खाली, आमच्या घरची शिस्तच होती तशी.'

दारातून वहिनी आत निघून गेल्या.

कॅप्टनसाहेबांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. ते पुतळ्यापुढे जाऊन ताठ उभे राहिले, आणि ओताऱ्याला म्हणाले, 'जवानाचं बोट आहे. ते कापायचा हक्क मला नाही. हत्यारं उचला.' अधिकारी विचारतील त्यांना काय सांगायचं ते मी बघतो, असंही म्हणाले. ओतारी नवी करंगळी फडक्यात गुंडाळत पुटपुटला, 'आता ही मी कुणाला लावू?' पण त्याचं ऐकायला कुणाला सवड नव्हती.

घरात वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. दादा उंबऱ्यातच उभे राहिले.

'बोट राहिलं,' ते म्हणाले.

'कुणाचं राहिलं? आजींच्या मुलाचं राहिलं, पाववाल्याच्या भावाचं राहिलं. सगळ्यांची माणसं राहिली तिथे. आपलंच तेवढं तुम्ही तुमच्या तोंडाने उठवलंत.'

'अगं, कापलं असतं तर...'

'मला कळत नाही असं नका समजू. कळतं सगळं. म्हणून तर बोलवत नाही.'

आणि खरंच त्या बोलल्या नाहीत. जेवण वेळेवर, पाणी तापलेलं, कपडे धुतलेले, पण तोंडातून शब्द नाही. वहिनींचं भांडण परवडतं, ही शांतता नाही परवडत. दादा दुकानात काम करत आणि आरशात बघत. पुतळा होता तसाच होता, करंगळी वर. लोक आता येता-जाता तिला हात लावू लागले होते. अगदी परके लोकही. दादांना कधी बरं वाटे, आणि कधी वाटे, आपण धाकट्याला दुसऱ्यांदा भरती करून पाठवलं. हे दुःख सांगणार कुणाला? ज्या तोंडाने नाही म्हटलं, त्याच तोंडाने?

भिंतीचं काम संपलं, समारंभ झाला, अधिकारी येऊन गेले. त्यातले एक जण करंगळीपाशी थांबले होते म्हणे, आणि कॅप्टनसाहेबांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, तसे ते मान लववून पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी बटणवाल्या आजी सलूनमध्ये शिरल्या. पुरुषांच्या दुकानात म्हातारी आलेली बघून बाकावरची माणसं वर्तमानपत्रं खाली ठेवून उठून उभी राहिली. दादांनी एकाच्या गालाला नुकताच वस्तरा लावला होता.

'दादा, जरा चल माझ्याबरोबर.'

'आजी, हे गिऱ्हाईक...'

'ते कुठे पळतंय? चल म्हणते ना.'

आजींपुढे कॅप्टनसाहेबांचं चाललं नाही, तिथे दादांचं काय चालणार? ते हात पुसत निघाले. आजींनी त्यांचं मनगट धरलं आणि लहान पोराला शाळेत नेतात तसं चौक ओलांडून पुतळ्यापाशी नेलं.

'काल रात्रभर मला झोप नाही,' आजी म्हणाल्या. 'इतके दिवस माझं माझं करत बसले मी. पाववाल्याशी भांडले. शेवटी म्हटलं, जाऊ दे, दोघांचं असू दे. मग मनात आलं, त्या दादाचं काय? त्याचाही भाऊ गेला. हाच माणूस दिवसच्या दिवस उभा राहिला म्हणून हा पुतळा झाला, आणि याच्या भावाचं इथे काहीच नाही. नुसतं भिंतीवर नाव. आणि तरी त्या दिवशी तू खरं तेच बोललास. माझ्या भावाचं म्हणाला असतास तर कोण विचारणार होतं तुला?'

दादा भिंतीवरच्या त्या नावाकडे बघू लागले.

'हे घे.' आजींनी त्यांचा हात उचलून त्या करंगळीवर ठेवला. 'माझ्या पोराचं आहे. पण तू तुझ्या भावाचं समजून धर. आठवण आली की येत जा, मला विचारायचीही गरज नाही. माझा पोरगा मोठ्या मनाचा होता, तो काही रागवायचा नाही.'

पुतळा उभा राहिल्यापासून दादांनी त्या बोटाला कधी हात लावला नव्हता. लावला असता तर कुणीतरी विचारलं असतं. आता त्यांनी ते मुठीत धरलं. उन्हाने तापलं होतं ते, आणि इतक्या लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालं होतं. 'हो आजी,' एवढंच ते म्हणाले, आणि मग त्यांना आवरेना. भर चौकात, दिवसाढवळ्या, ते ओक्साबोक्शी रडायला लागले.

'रड,' आजी म्हणाल्या. 'लाज कसली त्यात? भाऊ होता तुझा.'

समोर दुकानात गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने खुर्चीतून मान लांब करून बघत होतं. वहिनी आतून बाहेर आल्या, दारात उभ्या राहून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि त्या माणसाला म्हणाल्या, 'बसा जरा. त्यांना वेळ लागेल.'